नकाशावर ठेवलेलं बोट

कुंदाताईंना दिवसभर सांभाळणाऱ्या विमलबाईंचा फोन आला तेव्हा मी दुपार कलल्यावर भाजी घेऊन सोसायटीच्या फाटकापाशी पोचले होते. "ताई, लवकर वर या. बाई ओ देत नईत," एवढंच त्या म्हणाल्या. लिफ्ट यायची वाट न बघता मी जिना चढले. गुडघ्यांनी कुरकुर केली असेल, मला आठवत नाही. कुंदाताई पलंगावर शांत पडल्या होत्या, डावा हात उशाशी. सकाळीच मी त्यांना एक कोडं घालून, "उत्तर संध्याकाळी घेते हं," असं बजावून गेले होते. त्या कोड्यावर फार काही अवलंबून होतं. त्या गेल्या हे कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? आता उत्तर कधीच कळणार नाही, हा... माणूस गेलं आणि मी कोड्याचा विचार करतेय, याची मला तेव्हा लाज वाटली. आज वाटत नाही.

कुंदाताई माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही, सुरतेच्या मराठी शाळेत भूगोल शिकवण्यात जन्म घालवला. पांडेसऱ्यातल्या कापड रंगवायच्या, डाइंगच्या कारखान्यांत राबणाऱ्या खानदेशी लोकांची मुलं त्यांच्या वर्गात. ज्या पोरांनी धुळं आणि सुरत सोडून तिसरं गाव पाहिलेलं नाही, त्यांना जगातल्या राजधान्या पाठ कशा होणार? म्हणून त्यांनी कोडी रचायला सुरुवात केली. शब्द फोडायचा, उलटा करायचा, दुसऱ्या अर्थानं वापरायचा. दोन ओळींत मावणारी राजधानी कोणती? दोहा. केळं हातात दिल्यावर कोरियात काय म्हणाल? सोल. उलटी केली की दूध बिघडवणारी कोणती? सना. आणि या खेळाचे नियम कडक होते. उत्तर तोंडानं सांगायचं नाही. एकानं ओरडून सांगितलं की बाकीच्यांची मजा संपली, असं त्या म्हणत. गुपचूप उठायचं, नकाशापाशी जायचं आणि त्या शहरावर बोट ठेवायचं. त्याआधी हात धुवायचे. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या असलेला शाळेचा तो नकाशा त्यांनी स्वतःच्या दागिन्यांसारखा जपला. शाळेत नवे नकाशे आले, तेव्हा हा जुना त्या रीतसर मागून घरी घेऊन आल्या.

माझं लग्न झालं तेव्हा घरातल्या बायका नव्या नवरीला नाव घ्यायला सांगत होत्या. मी उखाणा घोकून आले होते. तर या पुढे होऊन म्हणाल्या, "नाव राहू दे. हे सोडव. खोकल्यावरचं औषध उलटं प्यालीस, तर पूर्वेकडे कुठे पोचशील?" मी बँकेत नोकरीला, आकडेमोडीत कुणाला ऐकायची नाही, पण शालूत गुदमरलेली, डोक्यावर अक्षतांचा चिखल. चिडून म्हटलं, "दवाखान्यात." सगळं घर हसलं. कुंदाताई सर्वांत मोठ्यानं हसल्या, मग माझा हात धरून मला नळापाशी नेलं, हात धुवायला लावले आणि माझं बोट स्वतः नकाशावर ठेवलं... काढा उलटा केला की ढाका. मला त्यांचा अस्सा राग आला होता! पुढे वर्षानुवर्षं रोज सकाळच्या चहाला आम्ही एकमेकींना कोडं घालत आलो. हे गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. त्या वरच्या मजल्यावर, मी खालच्या. चहा वर, भांडणंही वर.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. पुण्याहून माझा मुलगा निखिल धावत आला. डॉक्टर भले गृहस्थ होते. वाकून, सावकाश विचारत होते, "बेन, तमारुं नाम शुं?" कुंदाताई नुसत्या बघत राहिल्या. डोळे मिटा म्हटलं, मिटले नाहीत. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, बोललेलं यांना कितपत समजतंय सांगता येत नाही. निखिलनं तिथेच ठरवून टाकलं. "आई, आत्याला पुण्याला नेऊ. तिथे चांगलं केंद्र आहे, चोवीस तास माणसं असतात." मी म्हटलं, त्यांना विचारलंस का? तो म्हणाला, "कुणाला विचारू? तिला कळत तरी आहे का?" तो वाईट मुलगा नाही. म्हणूनच त्याचं बोलणं मला जास्त लागलं. आपलं घर सोडून कुठे जायचं नाही, हे कुंदाताई शंभरदा बोलून दाखवायच्या. आणि आता त्यांच्या वतीनं बोलणार कोण?

दुसऱ्या दिवशी मी नकाशाची गुंडाळी काखेत मारून दवाखान्यात गेले. सलाइनच्या स्टँडला वरची दांडी अडकवली. सिस्टर कुरकुरल्या, निखिल म्हणाला, "आई, लोक बघताहेत." बघू देत. मी ओल्या फडक्यानं कुंदाताईंचा डावा हात पुसला आणि जुनंच कोडं घातलं. खोकल्यावरचं औषध उलटं प्यालं तर कुठे पोचाल? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नकाशाकडे. हात उचलला गेला! आफ्रिकेवरून फिरला, अरबस्तानापर्यंत आला आणि तिथेच अडला. पुन्हा मागे, पुन्हा तिथेच.  शेवटी हात चादरीवर पडला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. निखिल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुरे आता. तिला कशाला छळतेस?"

मला हरल्यासारखं वाटलं. त्यांचं खिचडीचं ताट उचलायला गेले, तर ताट अर्धंच खाल्लेलं. डावीकडची खिचडी साफ, उजवीकडची जशीच्या तशी, सुरीनं कापल्यासारखी. चमचाही उजवीकडे पडलेला, त्याला हात लागलेला नाही. मी ताट गोल फिरवलं. कुंदाताई पुन्हा जेवायला लागल्या! तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. या बाईला कळत सगळं होतं, उजवीकडचं फक्त दिसत नव्हतं. आणि मी शहाणी नकाशा लावून बसले होते तो त्यांच्या उजव्या हाताला! खडखडत स्टँड पलंगाच्या डाव्या बाजूला ओढला. "निखिल, इकडे ये. आता बघ." कोडं पुन्हा घातलं. कुंदाताईंनी जरा मान वळवली, हात उचलला आणि बोट न अडखळता ढाक्यावर टेकलं. मग सना. मग दोहा.  निखिल आत्याच्या जवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "आत्या, पुण्याला यायचं की इथेच राहायचं?" जगाच्या त्या नकाशावर सुरत लिहिलेलीच नाही. पण जिथे तापी समुद्राला मिळते तिथे कुंदाताईंनी बोट ठेवलं, आणि ते असं दाबून धरलं की आम्हालाच सोडवावं लागलं.

डॉक्टरांनी मग नीट तपासून डोळ्यांचं सगळं, कळत असूनही सांगितल्यावर ते मिटता न येण्याचंही, समजावून सांगितलं. निखिलनं मान्य केलं, पण बजावून. "आत्याला कळतंय तोवर तिच्या मर्जीनं. कळेनासं झालं की माझ्या मर्जीनं. तेव्हा हट्ट करायचा नाही." घरी नकाशा पलंगाच्या डावीकडे टांगला. कोसाडहून विमलबाई दिवसभर सांभाळायला येऊ लागल्या. धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या, कामाला वाघ. रोज सकाळी मी वर जायची, त्यांचा हात पुसायची, कोडं घालायची आणि रात्री निखिलला फोनवर कळवायची. पूर्वी जो खेळ होता ती आता रोजची परीक्षा झाली होती.  सोपी कोडी घालावीत असं वाटे, पण घातली की त्या अशा रोखून बघायच्या की जणू माझीच लायकी काढतायत! पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग थंडीत बोट चुकायला लागलं. कधी हवेतच राही, कधी कोडं संपायच्या आत डोळा लागे. मी दोनतीनदा निखिलला फोन करायचं टाळलं. त्याला समजायचं ते समजलं. "आई, रविवारची पुण्याची तिकिटं काढलीत," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून भांडताही येईना.

त्या सकाळी मी ठरवलं, सोपं घालायचं नाही. कुंदाताईंना खालच्या पातळीवर आणून जिंकवायचं, यात त्यांचा मान कसला? विमलबाई आणखी अर्धा कप चहा मागत होत्या, त्यांच्या बोलण्यातूनच सुचलं. "विमलबाई स्वतःसाठी काही मागताना जे म्हणतात, ती बेटावरची राजधानी सांगा." कुंदाताई पापणी न हलवता माझ्याकडे बघत राहिल्या. बोट हललं नाही. मी थांबले, खूप थांबले. मग "संध्याकाळी घेते हं" म्हणून खाली माझ्या घरी गेले.

निखिल रात्री पोचला. सगळं उरकल्यावर आम्ही तिघं त्यांच्या खोलीत बसलो होतो. अर्धवट राहिलेलं ते कोडं मी निखिलला सांगितलं होतं. विमलबाई रडत सांगत होत्या, दुपारी कुंदाताईंनी काहीच खाल्लं नाही म्हणून त्यांनी कोपऱ्यावरून गरम लोचो आणला, वाफवलेल्या डाळीचा, वर तेल घातलेला. कुंदाताईंनी तो आवडीनं खाल्ला. "मंग त्यास्नी तो हात तसाच नकाशावर ठेवा. निया रंगवर, समुद्रमा. माले वाटनं, पानी मांगी ऱ्हायनात. मी पानी पाजं. तवय त्या हासन्यात, ताई. चांगल्या हासन्यात. मंग झोपन्यात..."

निखिल उठला. दिवा लावून नकाशासमोर वाकला. भारताच्या खाली, निळ्या समुद्रात, बारीक अक्षरांत लिहिलेल्या माले या मालदीवच्या राजधानीवर तेलाचा गोल डाग होता. बोटाएवढा. विमलबाईंचं 'माले', म्हणजे आपलं 'मला'. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि एवढा मोठा बाप्या माझ्या मांडीत डोकं खुपसून रडला. तिकिटं त्याच्या खिशातच होती.

जन्मभर "आधी हात धुवा" म्हणणाऱ्या बाईनं शेवटचं उत्तर खरकट्या हातानं दिलं. घाईच तेवढी असणार. आणि शेवटचं पाणी मिळालं तेही त्या उत्तरामुळे. पलंग आता तिथून काढलाय. नकाशा मात्र मोकळ्या भिंतीवर एका बाजूला, डावीकडेच टांगलेला आहे. येणारे जाणारे म्हणतात, मधोमध घ्या, बरा दिसेल. मी घेत नाही. तेलाचा डाग हळूहळू पसरतोय, लक्षद्वीपापर्यंत पोचलाय. सकाळचा चहा झाला की मी वर जाते, कुलूप उघडते, आणि नकाशाजवळ जाण्याआधी नळावर हात धुते.