कुंकू नसलेलं संक्रांतीचं कार्ड

माझी बालमैत्रीण लग्न होऊन हुबळीला गेली. तिचे यजमान तिथे रेल्वेत होते. मी सोलापुरातच राहिले. तिचं माहेरचं माणूस इथे कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे येणं होईना. म्हणून ठरलं, संक्रांतीला दोघींनी एकमेकींना कार्ड टाकायचं आणि शुभ पत्राला लावतात तसं कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावायचं. तिचं बोट नेहमी इतकं भरलेलं असे की पत्त्यावरही लाली पसरे.

एका वर्षी इथे गड्ड्याच्या मैदानावर संक्रांतीची जत्रा भरली होती आणि तिचं कार्ड आलं. दोनच ओळी. "तिळगूळ घ्यावा, गोड बोलावं. मुलं बरी आहेत." कुंकू नव्हतं.

घरात पाहुणे होते, हळदीकुंकवाचं सामान यायचं होतं. यादीतली कामं उरकता उरकता मी उभ्या उभ्या उत्तर लिहिलं : "काय गं, रेल्वेवाल्यांच्या घरी चिमूटभर कुंकू महाग झालं होय? पुढच्या वर्षी विसरलीस तर कार्ड परत पाठवीन." वर माझं बोट ठसठशीत उमटवलं आणि कार्ड पेटीत टाकून आले.

दुपारी तिचं कार्ड सासूबाईंना दाखवलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"तू काय लिहिलंस हिला?"

मी हसत हसत सांगितलं.

"अगं, एवढ्या याद्या करतेस आणि हे कळलं नाही? बाई कुंकू विसरते का कधी?"

मी तशीच पोस्टात धावले. तिथला शिपाई रिकामी थैली झटकत होता.

"समदी डाक टेशनावर गेली की, बाई. आता कुटं गावायची?"

दुसरं कार्ड लिहायला बसले, पण पहिल्या ओळीपुढे हात सरकेना. तिने बोलणंच सोडलं तर, या विचाराने पोस्टमनची वाट पाहायचीही भीती वाटू लागली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं.

"तुझं कार्ड तीनदा वाचलं. हे आश्विनात गेले. तुला कळवायला धीर होईना. वाटलं, कार्ड बघून समजशील. तेव्हापासून मला कुणी रागावलं नाही गं. सगळे दबकून बोलतात. जाऊबाई तर मला बघितलं की डोळ्यांना पदर लावतात. तू भांडलीस, बरं वाटलं. आता अशीच भांडत जा."

तेव्हापासून मी दर कार्डात भांडते. अक्षर वाईट काढलंस, मुलांचं काही लिहिलं नाहीस, उत्तराला महिना लावलास. तीही तिथून चांगलंच सुनावते.

होटगीला गाडी बदलायची, मग विजापूर, गदग. रस्ता मला पाठ आहे. दर उन्हाळ्यात पापड-सांडगे झाले की निघायचं ठरवते आणि राहतं. घरच्यांना सांगते, सवड होत नाही. सवड काढली तर निघेल. पण तिचं कपाळ समोर दिसल्यावर मला भांडता येईल, असं वाटत नाही.