दुसऱ्याच्या मापाची भाजी

आमच्या मिस्त्रींनी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत भाजी म्हणून काही गिळलं नव्हतं. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. फर्निचरच्या कारखान्यात सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही म्हणते. पाव, अंडी, मासे आणि बटाटे, एवढ्यावर हा माणूस बावीस वर्षं माझ्यासमोर जेवला. बटाटेही तळलेलेच लागत.

लग्नानंतर दोन वर्षं मी समजावलं, पुढची दोन वर्षं भांडले आणि मग सोडून दिलं. शेजारीण म्हणायची, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी म्हणायचे, बघू. पण खरं सांगायचं तर मी कानाडोळाच करत होते, कारण माणूस धडधाकट होता.

गेल्या वर्षी मोठ्या करवतीच्या मशीनवर त्यांना चक्कर आली. हात पात्यापासून वीतभर लांब होता म्हणून वाचला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, ते कमी निघालं. गोळ्यांनी भरून येईल, पण टिकवायचं असेल तर भाज्या खाव्या लागतील, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं त्यांनी सांगितलं. आणि मालक म्हणाले, रिपोर्ट चांगला येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. पंचवीस वर्षं त्या मशीनवर काढलेल्या माणसाला त्यांनी खुर्च्यांच्या पायांना कागद गुंडाळायला बसवलं. मिस्त्री घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचे. ते मला बघवेना.

मी कंबर कसली. आधी लपवाछपवी केली, म्हणजे पालक बारीक वाटून अंड्यात घातला. मिस्त्रींनी पहिल्याच घासाला ताट सरकवलं आणि पुढे आठवडाभर साधं अंडंही उलटसुलट करून, संशयाने बघून खाल्लं. तेलही गेलं, तूपही गेलं. ते हट्ट करत होते असंही नाही. मशीन परत हवी म्हणून डोळे मिटून फरसबीचा घास तोंडात घालायचे, पण तो घशाखाली उतरायचा नाही. उठून बेसिनकडे पळायचे. परत येऊन माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. पहिला महिना असाच गेला.

मग एका रविवारी मी ओट्याशी कोबी चिरत होते आणि मिस्त्री शेजारी उभे राहून कारखान्यातल्या नव्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होते. तो फळ्या वाकड्या कापतो, माप घेत नाही, पात्याला धार आहे की नाही तेही बघत नाही. रागाच्या भरात त्यांनी कोबीचा दांडा उचलला आणि कराकरा खाल्ला. मग दुसरा तुकडाही खाल्ला. मी मान वर केली नाही. तोंडातून शब्द काढला असता तर त्यांनी तो तुकडा तिथेच थुंकून टाकला असता. मी गाजराची एक चकती हळूच त्यांच्या हाताजवळ सरकवली. नवा माणूस किती बिनडोक आहे हे सांगता सांगता तीही संपली.

मी शिवणकाम करते, जुने कपडे उसवून नव्या मापाचे करते. कपडा हातात आला की मी आधी बघते, हा मुळात बेतला कुणासाठी होता. त्या संध्याकाळी फरसबीच्या पातेल्याकडे मी पहिल्यांदा तसं बघितलं. भरपूर पाणी, वर झाकण, पाऊण तास. बोटाने दाबली की लगदा झाला पाहिजे, असं सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि मी निमूटपणे तेच करत आले होते.

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांना विचारलं, "आई, आपण भाजी इतकी का शिजवतो?"

"अगं, तुझ्या सासऱ्यांना दात कुठे होते? तुझा नवरा चार वर्षांचा असताना ते जिन्यावरून पडले, तेव्हाच दात गेले सगळे. कवळी त्यांना कधी सोसलीच नाही."

सासऱ्यांना जाऊन चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षं मी एका नसलेल्या माणसाच्या हिरड्यांसाठी स्वयंपाक करत होते आणि तो वाढत होते दाताने तार तोडणाऱ्या माणसाला. आधी मला हसू आलं, मग स्वतःचा सणकून राग आला.

दुसऱ्या दिवशी कढई चांगली तापवली, फरसबी टाकली, तीन मिनिटं हलवली, मीठ, मिरपूड, लिंबू. मिस्त्रींनी नेहमीसारखे डोळे मिटले. कुर्रकन आवाज झाला आणि त्यांनी डोळे उघडले.

"ही फरसबी आहे?"

"हो."

"मग इतकी वर्षं काय होतं?"

मी सांगितलं. त्यांनी ताट पुढे केलं. पुढच्या दोन महिन्यांत कोबी झाला, फ्लॉवर झाला, गाजर तर ते डब्यात कच्चंच मागायला लागले. शेजारणीला मी मुद्दाम जेवायला बोलावलं आणि समोर बसवलं.

रिपोर्ट चांगला आला. सोमवारी मालकांनी मशीन परत दिली. त्या संध्याकाळी मिस्त्री केसांत भुसा घेऊनच जेवायला बसले आणि दिवसभरात किती फळ्या कापल्या ते सांगत सुटले. मी त्यांच्या ताटाकडे बघत होते आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. बोलता बोलता ते थांबले. ते आईंच्या ताटाकडे बघत होते.

"आई, तू नुसता पावच खातेयस."

"खाते रे भाजी. तुला आवडायला लागली, तेवढं पुरे."

आईंच्या दाढा दोन वर्षांपूर्वीच काढल्या होत्या. त्यांना फरसबी चावत नव्हती, आज नाही आणि गेले दोन महिनेही नाही, आणि त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. लोकांची मापं घेणारी मी, एकाच टेबलावर बसून मला ते दिसलं नाही. मी उठणार तेवढ्यात मिस्त्रींनी मला हाताने बसवलं. आईंची भाजी पातेल्यात ओतली, पाणी घातलं, झाकण ठेवलं आणि केसांतल्या भुशासकट गॅससमोर उभे राहिले. पाऊण तास हलले नाहीत.

शिजली की नाही हे बोटाने दाबून बघितलं. तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसेना. मग चमचाभर लगदा घेतला, तोंडात घातला, जिभेने दाबून बघितला आणि गिळला.

"झाली, आई," ते म्हणाले आणि वाटी घेऊन आले.