फाटकाजवळची शेवंती

गेल्या रविवारी मी बाल्कनीतल्या शेवंतीच्या चार कुंड्या खाली सोसायटीच्या बागेत नेल्या. कंबर धरली, लिफ्टमध्ये माती सांडली म्हणून वॉचमननं तोंड वाकडं केलं, तरी कंपाउंडच्या दिव्याचा उजेड पोचणार नाही असा कोपरा सापडेपर्यंत मी थांबलो नाही. बायको म्हणाली, "फुलझाडंच आहेत, एवढं कसलं वास्तुशास्त्र बघताय?" तिला वडिलांच्या घराच्या फाटकाजवळची शेवंती माहीत नाही. आई गेल्यापासून मी ती गोष्ट कुणाला सांगितलेलीही नाही.

वडील सरकारी कचेरीत कारकून होते. सगळी नोकरी त्यांनी औरंगपुऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. मागच्या अंधाऱ्या गॅलरीत त्यांच्या पिवळ्या शेवंतीच्या सहा कुंड्या होत्या. फुलं यायची, पण अंगठ्याच्या नखाएवढी. "कुंडीत जीव गुदमरतो तिचा," ते म्हणायचे. "जमिनीत लावली की बघा. लक्ष्मीपूजनाला घरची परडीभर फुलं." निवृत्तीच्या तोंडावर त्यांनी बीड बायपासच्या पलीकडे लहानसं घर बांधलं आणि फाटकाजवळ एका वाफ्यापुरती माती मोकळी ठेवली. बाकी सगळी फरशी. सामान टेम्पोत मागे लादलं, कुंड्या मात्र ते रिक्षात मांडीवर घेऊन आले.

जूनमध्ये त्यांनी ती झाडं कुंड्यांतून काढून जमिनीत लावली. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, म्हणून आई तांदूळ धुतलेलं पाणीही वाफ्यातच ओतायची. झाडं कमरेएवढी वाढली. दिवाळी आली, कळी एक नाही. दुसऱ्या वर्षीही तेच. मी तेव्हा वाळूजला एका कारखान्यात सेकंड शिफ्टला होतो आणि माझी जीभ जरा जास्तच चालायची. "बाबा, खायला काळ अन् भुईला भार झालीय ही तुमची शेवंती," असं मी पाहुण्यांसमोर म्हणायचो. ते हसायचे. लक्ष्मीपूजनाला औरंगपुऱ्यातून विकतची फुलं आणायचे आणि स्वतःच्या वाफ्याजवळून आत जाताना मान खाली घालायचे.

तिसऱ्या वर्षी श्रावणात मी फुलंब्री रोडच्या एका नर्सरीत गेलो. म्हाताऱ्या मालकानं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "रात को लाइट रहती क्या वहाँ?" मी म्हटलं, फाटकावर बल्ब असतो, मी येईपर्यंत चालू. त्यानं कपाळावर हात मारला. "शेवंती को लंबी रात होना, मियाँ. अंधेरा नहीं तो कली नहीं. तुमने तो उसको जगा के रखा."

मोठा शोध लावल्यासारखं मी घरी येऊन सगळं सांगितलं. वडील पेपर वाचत होते. "ठाऊक आहे मला. मागच्याच वर्षी सांगितलं त्या नर्सरीवाल्यानं," ते म्हणाले.

"मग दिवा बंद का नाही केला?"

आतून आईच म्हणाली, "गल्लीत खांबावर उजेड नाय, कुत्री लई माजलीत. पोरगं साडेबाराला अंधारात यायचं व्हय?"

"फुलं काय, बाजारात मिळतात," वडील म्हणाले आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मला भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. दुपारी निघताना मी स्टूल घेतलं, फाटकावरचा बल्ब काढला आणि डब्याच्या पिशवीत टाकून सरळ वाळूजला नेला. जाताना बजावलं, "मोबाईलची बॅटरी आहे माझ्याकडे. नवा आणाल तर तोही काढीन." आई नवा बल्ब आणील अशी माझी खात्री होती. तिनं आणला नाही. मला वाटलं, जिंकलो.

दसऱ्याच्या आसपास कळ्या दिसल्या. कंपनीच्या बसमध्ये मी सगळ्यांना फोटो दाखवले. गल्लीतली कुत्रीही आताशा भुंकत नव्हती; ओळखायला लागली असतील, असं मी धरून चाललो होतो.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी मला भिंतीवरून हाक मारली. "आईला समजव रे जरा. रोज रात्री काठी घेऊन बाहेर ओट्यावर बसती अंधारात. कुत्री हाकलती, अन् तुझी बस कोपऱ्यावर वळली की आत पळती. गुडघे धरलेत तिचे."

मी तसाच स्वयंपाकघरात गेलो. आई चकल्या पाडत होती.

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू बल्ब लावला असतास परत," ती वर न बघता म्हणाली. "मग ह्यांची फुलं?"

मी तिथंच खाली बसलो आणि तिचे गुडघे दाबू लागलो. तिनं मला तेलकट हातानं ढकललं.

लक्ष्मीपूजनाला वडिलांनी परडीभर पिवळी फुलं तोडून आणली. पाटासमोर बसले आणि त्यातलं सगळ्यात मोठं फूल उचलून आईपुढं धरलं. आई दचकलीच. "अहो, काय हे! आधी देवीला वाहा."

"वाहतो की," वडील म्हणाले. "पण ओट्यावर देवी नव्हती बसली."