म्हशीचं भजन

मी सुरतेला एका खानावळीत चपात्या लाटते. लाटताना गाणी लागतात, न्हाई तर हात जड होतो. गाण्याचं ॲप भावानं घरात सगळ्यांच्या फोनवर टाकून दिलेलं, पण खातं एकच. एकानं लावलं की दुसऱ्याचं आपोआप बंद. उजाडायच्या सुमाराला माझं गाणं मधीच तुटायचं, अन् मला कळायचं, केदारखेड्याला अण्णा धार काढायला बसले.

माझे वडील, अण्णा, म्हशीपाशी भजन लावायचे. तिला त्याची एवढी सवय की त्याच्याबिगर ती पान्हाच सोडायची न्हाई.

"अण्णा, पुन्हा तोडलं माझं गाणं," मी फोनवर म्हणायची.

"मंग काय करू? ही बया ऐकती का? तुझ्या चपात्या गाण्याबिगर फुगतेत. धार झाली की जल्दी बंद करतो, मंग लाव तुझं."

"म्हशीला भजन शिकवलं, अन् लेकीला नववीतून काढलं व्हय?"

ते हसायचे, मंग फोन ठेवून द्यायचे. खरं तर शाळा मीच सोडली होती. त्यांनी एका शब्दानं कधी सुनावलं न्हाई. पण मला उगाच धाकधूक, त्यांना लागलं असंल का? संध्याकाळी पुन्हा फोन करायची. ते म्हणायचे, "जेवलीस का?" बस, एवढंच.

थंडीत अण्णा गेले. गोठ्यातून आले, छातीत दुखतं म्हणाले, अन् संपलं.

लग्न झालेल्या लेकीचं सुतक तीन दिवसांत फिटतं. मायला तेरा दिवस. घरात टीव्ही बंद, गाणं बंद, अन् मी मात्र सुतक फिटलं म्हणून सुरतेला कामावर परत. खानावळीच्या मालकीणबाईंनी माझ्या वाटणीची कणीक मळून ठेवली होती. त्यांचे उपकार कसे फेडू? त्याच म्हणाल्या, "गाणं लाव गं, हात चालतील." मी लावलं. त्या खात्यावर आता दुसरं ऐकणारं कुणीच नव्हतं.

ते मधीच तुटलं.

लाटणं हातात तसंच राहिलं. एक क्षण मला वाटलं, अण्णा बसले धारेला. बिलकुल तसंच वाटलं. मंग घरी फोन केला.

"माय, भजन कोणी लावलं? सुतक हाय ना?"

"मीच लावलं. काय करू? दूध चढवून ठेवलं म्हशीनं. सड दगडासारखे झाल्ते." मायचा आवाज बसलेला. "बाया येऊन राहिल्या भेटायला, म्हणून फोन पदराखाली धरला. तिला कोणी सांगावं सुतक? सोडला बघ पान्हा." अन् मंग ती रडायला लागली. माणसं होती तेव्हा रडली नव्हती एवढी.

त्यानंतर रोज गाणं तुटायचं. मी वाट बघायची. तुटलं की जीव भांड्यात पडायचा. माय उठली, बरी हाय.

पण मायचे गुडघे काही बसू देईनात. भावानं तिला जालन्याला नेलं. म्हैस टेंभुर्णीच्या एका माणसानं घेतली. मायनं त्याला बजावलं, भजन लावत जा. तो म्हणला, "मावशी, आमच्याकडं सगळ्या अशाच दूध देतेत."

"न्हाई द्यायची," माय म्हणाली. त्यानं दावं सोडलं, अन् म्हैस वळून वळून गोठ्याकडं बघत गेली.

आता माझं गाणं कोणी तोडत न्हाई. एकामागून एक वाजत राहतं.

परवा मीच ते भजन लावलं. अर्ध्यापर्यंत मला पाठ, माहेरी गेले की गोठ्यातून ऐकलेलं. पुढं मात्र नवीनच. कणकेचा एक गोळा संपला, दुसरा घेतला, तरी चालूच. एवढं मोठं असंल असं कधी वाटलं नव्हतं. अण्णांनीही ते कधी शेवटपर्यंत ऐकलं नसणार. धार झाली की जल्दी बंद करायचे. माझं गाणं अडलंय म्हणून.