कुत्र्याची छत्री आणि रियाचा एक कान

सहलीसाठी घरी आलं ते असं: माझे चालायचे बूट, सेलमध्ये चाळीस डॉलर. अस्वल आलं तर मारायचा तिखट फवारा, पन्नास. डोंगरात गाडी न्यायचा पास, पंधरा. देवाच्या दयेने फवारा तसाच परत आला, पण पैसे गेले ते गेलेच.

मला खरं तर केदारनाथला जायचं होतं, गुडघ्यांनी राहिलं. मुलगा अमोल म्हणाला, "आई, हिमालय नाही तर नाही, इथले डोंगर तरी बघ." कॅनडातल्या आमच्या कॅल्गरीहून तासाभरात जंगल लागतं. वॉशरूमला वाटेतच जाऊन घ्यावं, पुढे सोय बेताची. चहाचा थर्मास न्यावा, तिथली कॉफी परवडत नाही. मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी नेली. सून कामावर होती. माझ्या शेजारी नात रिया, दोन्ही कानांत इअरफोन. घरात मी दिवसभर एकटीच असते, वाटलं होतं गाडीत तरी कुणी बोलेल.

जंगलात झाडं सरळसोट, पायाखाली शेवाळाची गादी. एका थोर झाडाला हात जोडले, तर मुळाशी पांढरी छत्री! मी वाकले.

"आजी, डोन्ट टच!"

"अगं, ही कुत्र्याची छत्री."

"व्हॉट?"

"डॉग्ज अम्ब्रेला," अमोल हसला.

रियाने एका कानातला इअरफोन काढला. "बट व्हाय अ डॉग?"

खरं कारण मुलीला सांगण्यासारखं नाही. म्हटलं, "पावसात बिचाऱ्याला छत्री कोण देणार? म्हणून देवाने दिली."

ती खिदळली आणि पुढे पळाली. "आजी, अनदर कुत्रा!" लाल, वर पांढरे ठिपके. "व्हॉट्स धिस वन?"

मला नाव येईना. मग खोडाला चिकटलेली, कानासारखी. तिचंही नाही. गावी आम्ही दोनच ओळखायचो: खायची ती अळंबी, बाकी सगळी कुत्र्याची. कारण रचलं, पण नाव कसं रचू? "आय डोन्ट नो," म्हणाले. इअरफोन परत कानात गेला.

(तिथे काही तोडू नये. आपल्या अळंबीसारखी दिसली तरी खाऊ तर मुळीच नये.)

घरी आल्यावर जो तो आपल्या खोलीत. बूट पुसून ठेवले, देवापाशी दिवा लावला. जिन्यावरून जाताना रिया मात्र पुटपुटत होती, "कुत्र्याची छत्री, कुत्र्याची छत्री."

बर्फ पडायच्या आत अमोल पुन्हा नेणार आहे. त्या लाल ठिपक्यांच्या आणि खोडावरच्या छत्रीला तुमच्या गावी काय म्हणतात, कुणाला ठाऊक असेल तर उलट टपाली कळवा. एक कान उघडा राहील इतकी नावं मला हवी आहेत.