लिमोजच्या ताटलीवरची हळद

मला जुनी फ्रेंच चिनी मातीची भांडी ओळखता येतात, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, त्याचा उपयोग काय? उपयोग काही नाही. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून डोकं उठतं. मग संध्याकाळी बिनउपयोगाचं काहीतरी हवंच असतं. ही विद्या मला बॉनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी फुकट शिकवली. त्याची मी जी परतफेड केली, तिची आठवण आली की अजून कान तापतात.

ओळख झाली ती रागातूनच. राइनकाठच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, मी एक कप घेतला होता. बुडाला निळी खूण, म्हणजे सेव्रच्या राजेशाही कारखान्यातला, अशा तोऱ्यात मी जिना चढत होतो. बाई वरून उतरत होत्या. त्यांनी माझ्या हातातून कप घेतला, उलटा केला आणि म्हणाल्या, "ही खूण तर कुणीही काढतं. फसलात." मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांना धड नमस्कारही केला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या दाराची बेल वाजवली आणि विचारलं, "खरी कशी ओळखायची?"

मग दर शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. खुणेवरून नख फिरवायचं. नख अडलं नाही तर खूण चकाकीच्या थराखाली आहे, अडलं तर वरून काढलेली. फ्रान्समधल्या लिमोज गावच्या भांड्यांना पुष्कळदा दोन खुणा असतात, एक हिरवी, एक लाल. कारण भांडं एका कारखान्यात व्हायचं आणि रंगवलं जायचं दुसरीकडे. आपल्याकडे भांडं एका दुकानातलं आणि त्यावर नाव घालून देणारा दुसरा, तसंच. मग भांडं दिव्यासमोर धरायचं. अस्सल असेल तर पलीकडची बोटं दिसतात. मी चुकलो की त्या स्पष्ट सांगायच्या, बरोबर आलं की फक्त "गेनाऊ", म्हणजे अचूक, म्हणायच्या. त्या एका शब्दासाठी मी आठवडाभर वाट पाहायचो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

माझी बायको म्हणायची, "अरे, लोक बोहारणीला जुने कपडे देऊन भांडी घेतात. तू तर स्वतःच बोहारीण झालास!"

बाईंच्या कपाटात मधोमध एक ताटली होती. सोनेरी काठ, आत फिकट गुलाबी फुलं. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात नवऱ्याने त्यांना ती लिमोजमध्ये घेऊन दिली होती. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. बाकी भांडी त्या मला बिनधास्त हाताळू द्यायच्या, हिला मात्र हात लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "इतक्या वर्षांत एक टवका उडालेला नाही." हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची.

माझ्या वाढदिवसाला त्यांनी आलुबुखाराचा केक आणला, तो त्याच ताटलीत. म्हणाल्या, "ज्याला कळतं, त्याला यातच द्यावं." परक्या देशात कुणी आपल्याला इतकं मानावं, याने मला त्या दिवशी खरोखर भरून आलं.

केक संपला, ताटली परत द्यायची वेळ आली. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत गेलेलं मी कधी पाहिलं नाही. निदान चिमूटभर साखर तरी पडतेच. रविवार होता, शेगडीवर बटाट्याची भाजी तयार होती. खमंग फोडणी, भरपूर हळद. मी ती गरमागरम ताटलीत वाढली, वर चार पुऱ्या ठेवल्या. बाई फिरायला गेल्या होत्या, म्हणून झाकून त्यांच्या दाराशी ठेवून आलो. बायकोने विचारलंसुद्धा, "त्याच ताटलीत? नक्की ना?" मी तिला म्हणालो, "पोर्सेलीनला डाग पडत नाही. तुला त्यातलं कळत नाही."

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "जरा वर येता का?"

भाजी त्यांनी वाडग्यात काढली होती आणि ताटली कागदाने पुसून टेबलावर ठेवली होती. बाकी सगळी स्वच्छ, फक्त काठाजवळ अंगठ्याएवढा पिवळाजर्द डाग. मी नख फिरवलं. तिथे नख किंचित रुतत होतं. मला सगळं कळलं. हळदीने खऱ्या पोर्सेलीनला काही केलं नव्हतं. तो तुकडा पोर्सेलीनचा नव्हताच. ताटली कधीतरी फुटली होती आणि कुणीतरी बेमालूम भरून, रंगवून घेतली होती.

आता हे यांना सांगायचं कसं? मी सरळ खोटं बोललो. "हळदीचा डाग आहे, उन्हात ठेवली की जाईल. चूक माझीच."

बाईंनी ताटली उचलून दिव्यासमोर धरली. सगळ्या ताटलीतून उजेड येत होता, डागाच्या जागी काळोख. नवऱ्याने दिलेली ताटली त्यांनी याआधी कशाला तपासली असती?

त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "ही ताटली मी कधी धुतलेलीच नाही. तो धुवूच द्यायचा नाही. दर वेळी स्वतः धुवायचा, स्वतः पुसून कपाटात ठेवायचा. मी चिडायचे. मला वाटायचं, याचा माझ्यावर भरवसा नाही. तो गेल्यावर मी ती नुसती कपाटात ठेवून पाहत आले. बाहेर काढली ती फक्त तुमच्या केकसाठी."

"म्हणजे त्याच्याच हातून फुटली असणार," त्या म्हणाल्या. "आणि वर मलाच धांदरट म्हणायचा!" त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले.

मी म्हणालो, "दोन दिवस खिडकीत ठेवली तर पिवळेपणा खरंच जाईल."

"नको," त्या म्हणाल्या. "मला आत्ता कुठे दिसलंय."

त्या उठल्या, बाह्या सारल्या आणि कोमट पाण्यात ताटली धुवायला घेतली. डागावरून त्यांचं बोट सावकाश फिरत होतं. मी शेजारी उभा होतो, रागावल्या नाहीत म्हणून मनातल्या मनात त्यांचे आभार मानत. धुऊन झाल्यावर त्यांनी कोरडं फडकं आणि ताटली माझ्या हातात दिली.

"सांभाळून पुसा," त्या म्हणाल्या. "तो फार जपायचा."