बापाकडून आलेलं जनुक

अंबडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवतो. बारावीला डीएनएची बांधणी शिकवायचा तास माझ्या आवडीचा. एका पेशीतला धागा सरळ केला तर माणसाच्या उंचीहून लांब भरतो, आणि तरी तो डोळ्याला न दिसणाऱ्या केंद्रकात मावतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. पोरांना मी सांगायचो, गुंडाळी सैल असेल तिथलं जनुक पेशीला वाचता येतं. घट्ट असेल तिथलं असून नसल्यासारखं. डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशीत धागा एकच असतो, कुठं काय उघडं आणि काय बंद, एवढाच फरक. हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हटलं, की म्हणताना मला काही वाटेनासं झालं होतं.

आमची मुलगी जन्मली आणि काही महिन्यांतच हसायला लागली. कुणाकडंही बघून, भिंतीकडं बघूनसुद्धा. गल्लीतल्या बाया तिला मुद्दाम उचलून न्यायच्या. एवढं गुणी लेकरू पाहिलं नाही, म्हणायच्या. बायको मात्र घाबरत चालली होती. बरोबरीची पोरं बसायला लागली, धरून उभी राहिली, आमची मान सावरण्यातच अडकली. "ही माझ्याकडं बघून हसून न्हाई राह्यली," बायको एकदा म्हणाली, "ही नुसती हसून राह्यली."

"हसती की पोर," माझी आई म्हणायची. "रडकी असती तर मंग काय केलं असतं?"

एका दुपारी तापात तिचे डोळे वर गेले आणि अंग आखडलं. आम्ही तिला जालन्याला नेलं, तिथून छत्रपती संभाजीनगरला. झटके थांबले, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंना ते हसू आणि हात फडफडवणं पाहून काही वेगळीच शंका आली. रक्त तपासायला पाठवलं. निकाल आला त्या दिवशी बाईंनी आम्हाला समोर बसवलं, आणि मी काय शिकवतो हे कळल्यावर माझ्याकडं बघूनच बोलत राहिल्या.

"सर, तुम्हाला लवकर कळेल," त्या म्हणाल्या. पंधराव्या गुणसूत्रावर एक जनुक असतं. आईकडून एक प्रत येते, बापाकडून एक. धाग्यावर तो कुणाकडून आला याची खूण असते, आणि त्या खुणेपायी मेंदूच्या पेशींत बापाकडची प्रत बंद राहते. सगळ्याच माणसांची बंद असते. काम आईकडच्या प्रतीवर चालतं. आमच्या मुलीत आईकडून आलेल्या गुणसूत्राचा नेमका तेवढा तुकडा गळाला होता. यात कुणाची चूक नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलं. पुढं म्हणाल्या, "ती बोलेल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. चालायला उशीर होईल. झटके येत राहतील, ते आपण गोळ्यांनी आटोक्यात ठेवू."

मला खरंच लवकर कळलं. इतकं लवकर, की त्या बोलत असतानाच माझं मन पुढच्या पानावर गेलं होतं आणि तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं.

परतताना जालन्याला बस बदलायची होती. स्थानकातल्या बाकावर मुलगी बायकोच्या मांडीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला हसत होती.

"बाई तुमच्याशीच बोलत होत्या," बायको म्हणाली. "आता मला सांगा."

मी सांगितलं. वर्गात सांगतो त्याहून सोपं करून.

"म्हणजे माझ्याकडचं तुटलं."

"हो. पण ते तुझ्यामुळं नाही."

"अन् तुमच्याकडचं?"

"ते आहे. अख्खं आहे. पण बंद आहे."

"तिच्या डोक्यात हाय?"

"प्रत्येक पेशीत आहे."

ती बराच वेळ मुलीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "अहो, मंग उघडा ना ते."

बस लागली होती. मी पिशव्या उचलल्या.

घरी माझ्या आईला सांगावंच लागलं. आईकडून येणारा तुकडा गळतो, तो कुणाचाही गळू शकतो, असं मी शक्य तितक्या सरळ भाषेत सांगितलं. आईनं सगळं शांतपणे ऐकलं आणि त्यातलं तिला हवं तेवढं उचललं. "म्हणजे तुझं बराबर हाय," ती म्हणाली. त्यानंतर मी किती समजावलं, गुणसूत्रं कागदावर काढून दाखवली, तरी आलेल्यागेलेल्याला ती हेच सांगायची. आमच्याकडचं बराबर होतं, तिकडून आलेलं तुटकं निघालं. विज्ञानानं तिला आयतं हत्यार दिलं होतं, आणि ते देणारा मीच होतो. बायको स्वयंपाकघरात सगळं ऐकायची. एकदा मुलीला घेऊन ती अंकुशनगरला माहेरी निघून गेली. तिचे वडील साखर कारखान्यात फिटर होते, तिथल्याच वसाहतीत राहायचे. ती गाळपाचा सगळा हंगाम तिथं राहिली. मी आणायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी चहा दिला आणि विचारलं, "यंत्राचा पार्ट गेला तर आम्ही दुसरा बसवतो. इथं तर पार्ट जागेवरच हाय म्हणता. मंग अडलं कुठं?"

मी तेच डॉक्टरीणबाईंना विचारलं. परदेशात प्रयोग चालू आहेत, त्या म्हणाल्या. बापाकडची बंद प्रत औषधानं जागी करता येते का, हेच बघतायत. "आपल्याकडं कधी?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "सर, मला माहीत नाही. आणि आलंच, तरी मेंदू घडायच्या काळात जे राहून गेलं, त्यातलं किती भरून निघेल तेही कुणाला ठाऊक नाही. तुम्ही तिच्याकडं बघून दिवस काढा, औषधाकडं बघून काढू नका." ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही. ती पुन्हा "उघडा" म्हणाली असती.

आईनंही तिच्या परीनं केलं. पोरीला वाचा फुटू दे म्हणून जांब समर्थच्या रामाला नवस बोलली, सुनेला बरोबर घेऊन गेली. गाभाऱ्यासमोर दोघींनी हात जोडले, तेवढ्या वेळात मुलीनं कुणाच्या तरी ताटातली फुलं ओढून तोंडात घातली. तो नवस अजून तसाच आहे.

मागच्या वर्षी सासरे गेले. अंकुशनगरच्या त्या दोन खोल्यांत बायांचा आक्रोश चालला होता. आमची मुलगी तेवढा गलका ऐकून रंगात आली. टाळ्या पिटत, मोठमोठ्यानं हसायला लागली. रडणाऱ्या बाया एकेक करून गप्प झाल्या. "हिला बाहेर न्या कुणीतरी," एक म्हणाली. बायकोनं बापाचे पाय धरले होते ते सोडले, पोर उचलली आणि उसाच्या गाड्या जातात त्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मी पोरीला माझ्याकडं दे म्हणालो, तर नको म्हणाली. तिरडी उचलली तरी ती आत आली नाही.

आता मुलगी मोठी झाली आहे. धरून चालते. "आई" म्हणत नाही. अंगानं भरली आहे आणि तिला मोरीपर्यंत न्यायला दोघं लागतात. आम्ही दुसरं मूल होऊ दिलं नाही. पुन्हा असं व्हायची शक्यता अगदी थोडी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बायको म्हणाली, थोडीच होती की आधीसुद्धा.

तो धडा मी दर वर्षी शिकवतो. बांधणी, हिस्टोन, उघडं आणि बंद. पोरं लिहून घेतात.

परवा दुपारी मुलगी झोपली होती आणि बायको गवार निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, एक बोलू? ही आपल्या आधी गेली पाहिजे."

मी हा विचार तिच्याही आधी केला होता. मी तिच्यासमोर बसलो आणि ताटातली मूठभर गवार माझ्याकडं ओढून घेतली. ती झाल्यावर तिनं आणखी एक मूठ माझ्यापुढं सरकवली.